तेफोतो मामाचा गाल

तेफोतो मामासारखा होडीवाला आमच्या बेटावर दुसरा नाही. पॅसिफिक समुद्रातल्या आमच्या तुवालूत बेटं बारकी. आमच्याकडं धक्का नाही, जहाज लांब उभं राहतं. पीठ, तांदूळ, रॉकेल, सगळं मामाच्या होडीतनं येतं. साथीत नियम एकच: जहाजावरच्या माणसाला शिवायचं नाही. दवाखाना म्हणजे एक नर्स. रोग शिरला की बेट गेलं.

नियम सगळ्यात कडक पाळायचा तो मामाच. एका खलाशानं हात पुढं केला तर त्याच्यावर वल्हं उगारलेलं त्यानं.

त्या दिवशी गोणी घेऊन शिडीवरनं उतरला तो मामाचाच पोरगा, इआकोपो. बंदरं बंद, म्हणून तीन वर्षं समुद्रावरच होता. मामानं गोणी घेऊन खाली ठेवली आणि त्याच्या गालाला गाल टेकवून, नाक लावून खोल श्वास घेतला. आपलं माणूस भेटलं की आमच्यात असंच करतात. विचार करून कोण करतं?

मी मागं इंजिनवर होते. म्हटलं, "मामा, मी काय बघितलं नाही."

"बघितलंस."

"मग गप्प बसू की."

"आज सगळं गाव एका पंगतीत बसणारे, मीही त्यात. इंजिन चालव तू."

किनाऱ्यावर सेलेपा मामी गुडघाभर पाण्यात उभी. मामानं लांबच नांगर टाकला.

"पुढं येऊ नको. पोराला गाल लावला मी."

मामीच्या मागनं कुणीतरी म्हणालं, "दुसऱ्याला वल्हं, स्वतःला सूट."

मामानं मान खाली घातली. मामी एवढंच बोलली, "मला सोडून भेटलास त्याला."

पंचांनी पीठ होडीतच ठेवायला लावलं आणि आम्हाला दोन आठवडे पलीकडच्या ओसाड बेटावर धाडलं. मामा म्हणाला, "तू लांब होतीस, तू कशाला?" मी म्हटलं, होडी एक, तर माणसंही एकत्र. तिथं तो धड जेवायचा नाही. "गाव पिठावाचून बसलंय माझ्यापायी," म्हणायचा. मी म्हणायचे, मासे आहेत, मरत नाही कुणी. तोंड धुताना तो एक गाल तेवढा सोडायचा.

कुणी आजारी पडलं नाही. परत आलो तेव्हा मामी पाण्यातच उभी होती. तिनं मामाचं तोंड धरलं, नाक लावलं, बराच वेळ हुंगलं.

"काही राहिलं नाही," ती म्हणाली. "तुझाच वास येतोय."

"हा गाल धुतला नव्हता गं मी."

पुढच्या जहाजाला मामा आला नाही. "आता हिला सोडून भेटायचं नाही," म्हणाला. होडी मी नेली. तो मामीशेजारी पाण्यात उभा होता.