सादड्यावरचं घरटं

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. पिंपळनेरच्या पुढच्या जंगलात मी वनरक्षक होतो. कायम होईपर्यंत हातून चूक होऊ नये, एवढीच धास्ती. मार्चअखेर तोड संपवायची होती. नंबर टाकलेल्या झाडांपैकी शेवटच्या सादड्याशी लाकूडतोडे नाना थांबले.

"भाऊ, वर पाखरूनं घर शे."

मला काही दिसेना. मग भेगाळलेल्या सालीचाच एक तुकडा हलल्यासारखा वाटला. चिमणीएवढा पक्षी होता तो. राखी अंगावर पांढरे ठिपके, बाकदार चोच. भेगांतले किडे टिपत तो खोडाला वळसे घालत चढला आणि बेचक्यात वाकला. कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेल्या वाटीतून दोन चोची वर आल्या.

"पिल्ले उडाले आठ दिन लागतीन," नाना म्हणाले.

"राहू द्या मग," मी म्हणालो. त्यानंतर मात्र घास गोड लागेना. लांबून जीपचा आवाज आला की हातातलं काम टाकून मी रस्त्याकडे बघत राहायचो.

चौथ्या दिवशी रेंजर साहेब आलेच.

"हे झाड का उभं?"

"आग्यामोहोळ आहे, साहेब."

त्यांनी वर पाहिलं. "कुठंय?"

तेवढ्यात नाना पुढे आले. "साहेब, मीच सोडं हाई झाड."

"उद्यापासून याला कामावर घेऊ नका. आणि परवा झाड पडलं पाहिजे."

नानांनी कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि ते निघून गेले. मी साहेबांना जीपपर्यंत सोडायला गेलो.

सकाळी पिंपळनेर गाठलं. साहेबांच्या ऑफिसच्या दारात दोनदा मागे फिरलो. शेवटी आत जाऊन सांगून टाकलं, "झाड मी ठेवलं, साहेब. घरटं आहे त्यावर. मोहोळ खोटं होतं."

"लेखी देशील?"

तिथंच टेबलाशी उभ्यानं लिहून दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "चार दिवस. त्या म्हाताऱ्याला परत बोलव. तुला मेमो मिळेल."

चौथ्या दिवशी घरटं रिकामं होतं. शेजारच्या झाडाच्या खोडाला एक पिल्लू चिकटलेलं दिसलं, आई त्याला भरवत होती. दुसरं कितीही शोधलं तरी दिसलं नाही. दुपारी नानांनी सादडा पाडला.

मला कायम व्हायला वर्षभर उशीर झाला. नानांची माफी मी मागितली, तेव्हा ते म्हणाले, "साहेबले खरं सांगाले तू गयथा ना, बस."