नकाशावरचा हौद

नरहरपंत कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यावर टेकायच्या आधी पाणी मागायचे. तहान असो नसो. सोलापुरातल्या आमच्या पेठेत एका गल्लीत तीन भाषा नांदायच्या, म्हणून पंतांनी पाण्याचे तीन शब्द पाठ केले होते. कानडी घरात 'नीरु', तेलुगू घरात 'नीळ्ळु' आणि मोमिनांच्या दारात 'पानी'. फुलपात्र रिकामं झालं की मग कागद काढायचे, आणि समोरचा जे सांगेल ते त्यालाच पुन्हा म्हणून दाखवायचे. "असंच म्हणालात ना? आणखी एकदा म्हणा बरं." माणसं वैतागायची. मीही वैतागायचो. तुम्ही नकाशानवीस आहात की पंतोजी, असं मी एकदा तोंडावर विचारलं होतं. पंत म्हणाले, "केशवराव, तोंडाला पाणी लागलं की सांगणारा खरं सांगतो आणि ऐकणाराही खरं ऐकतो. मी एकदा कोरड्या तोंडानं ऐकलंय."

ते एकदाचं ऐकणं आणि त्यातला माझा वाटा सांगितल्याशिवाय पंत सांगून होणार नाहीत. मला सांगायची हौस आहे असं मुळीच नाही. पण आता मी सत्तरीला आलो, आणि ही गोष्ट ठाऊक असलेलं दुसरं कुणी उरलं नाही.

पंत मूळचे वाईचे. वीस सालानंतर केव्हातरी बदली होऊन आमच्या कचेरीत आले. पेठेची मोजणी निघाली होती. पंतांनी जागेवर जाऊन नकाशा काढायचा, मी तो टिपणांशी ताडून बघायचा आणि कोपऱ्यात 'रुजू' लिहून सही करायची, अशी कामाची वाटणी. तेव्हाचे पंत म्हणजे सोवळ्याचा अर्क. काखेत छत्री, खांद्यावर उपरणं, आणि पेठेत शिरले की कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून रस्त्याच्या मधोमध चालायचे. घरांच्या पायऱ्यासुद्धा चढायचे नाहीत. दहा हात लांब उभं राहून ओरडायचे, "ही भिंत सामाईक का? हा ओटा कुणाचा?" आतून हातमागांच्या खटखटाटातून जे काही ऐकू येईल ते कागदावर. आणि त्या पेठेत निम्म्या लोकांना मराठी कामापुरतंच येत होतं.

त्या गल्लीत सिद्रामप्पा नावाचे लिंगायत गृहस्थ राहायचे. लाकडावर कोरीवकाम करायचे. गल्लीतली बहुतेक दारं त्यांच्या हातची. त्यांच्या माळवदाच्या घरापुढे, रस्त्याला लागून, घडीव काळ्या दगडाचा उंच कट्टा होता. चारी बाजूंनी बंद, वर चार सागवानी खांब आणि छप्पर. खांब त्यांच्या वडिलांनी कोरायला घेतले होते, ते वारल्यावर सिद्रामप्पांनी पुरे केले. तीन खांबांवर वडिलांचा हात, चौथ्यावर मुलाचा. कचेरीतून घरी जाताना मी रोज त्या कट्ट्यावर घटकाभर टेकायचो.

पंतांनी रस्त्यातून विचारलं, "हा कट्टा घराचाच का?" सिद्रामप्पा आत पटाशी चालवत होते. तिथूनच म्हणाले, "हौदु." कानडीत हौदु म्हणजे होय. आमच्याकडची कानडी माणसं शेवटचा उकार गिळूनच टाकतात. पंतांना ऐकू आलं, हौद. दगडी बांधकाम, चारी बाजूंनी बंद, तेव्हा खाली पाण्याचा हौद असणारच, असं त्यांनी धरलं. आणि रस्त्यालगतचा हौद म्हणजे सरकारी. त्यांनी तसं लिहिलं.

तो नकाशा माझ्याकडे आला तेव्हा संक्रांतीची गड्ड्याची जत्रा तोंडावर होती आणि मला लवकर सुटायचं होतं. माझी आई अक्कलकोटकडची. मी कानडी बोलतच वाढलो. त्या कट्ट्याखाली हौद नाही हे माझ्याइतकं कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तो नकाशा नुसता वाचला असता तरी पुरे होतं. मी न वाचता 'रुजू' लिहिलं आणि जत्रेला गेलो.

दोन वर्षांनी रस्ता सरळ करायचं निघालं. पेठेत नळ आले होते, तेव्हा जुने हौद पाडून टाका असा वरून हुकूम झाला. सिद्रामप्पा नोटीस घेऊन कचेरीत आले. मी पंतांच्या शेजारीच बसलो होतो.

"हौद कुटला हो साहेब? हितं माजा कट्टा हाय की."

पंत म्हणाले, "अहो, तुम्हीच सांगितलंत हौद म्हणून."

"मी कुटं? तुमी इचारलं, कट्टा घराचाच का. मी म्हटलं, हौद. घराचाच की."

पंतांनी माझ्याकडे बघितलं. "केशवराव, कानडीत हौद म्हणजे काय हो?"

"होय," मी म्हणालो.

"होय काय? काय ते विचारतोय."

"तेच सांगतोय. हौद म्हणजे होय."

पंतांचा चेहरा पार उतरला. त्यांनी उठून सिद्रामप्पांना स्वतःची खुर्ची दिली. कचेरीत सगळे बघत होते, कारण पंतांनी तोवर कुणा पक्षकाराच्या हातातला कागदही थेट हातात घेतला नव्हता, टेबलावर ठेवायला लावायचे.

त्याच दिवशी त्यांनी अर्ज लिहिला. चूक माझी, मी लांबून विचारलं आणि चुकीचं ऐकलं, कट्टा खाजगी आहे, असं स्पष्ट. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, नकाशा दोन सह्यांनी पक्का झालाय, एकाच्या म्हणण्यावर फिरवता येणार नाही. रुजुवात करणाऱ्यानंही लिहून दिलं तर पाडापाडी थांबवतो.

पंत माझ्याकडे आले. "दोन ओळी लिहा, केशवराव. न वाचता सही झाली, एवढंच. बाकी सगळं माझ्या डोक्यावर घेतो."

त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. घरी बायकोचे दिवस भरत आले होते. या सबबी मी तेव्हा स्वतःला दिल्या, आज तुम्हाला देत नाही. मी म्हटलं, "पंत, मला आठवत नाही. मी वाचूनच सही केली असेल." पंत "बरं" म्हणून आपल्या जागेवर जाऊन बसले. मी भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

आठ दिवसांनी गिरणीच्या सकाळच्या भोंग्यानंतर मजूर आले. सिद्रामप्पांची एकच मागणी होती, खांब तेवढे आधी सोडवून द्या. मुकादम म्हणाला, सरकारी माल आहे. दोरखंड लावून ओढले. वडिलांच्या हातचे दोन खांब उभे चिरले. दगड निघाले तेव्हा आत नुसता मुरूम होता. पंत उन्हात उभे राहून शेवटपर्यंत बघत होते. मजूर गेल्यावर त्यांनी चपला काढल्या, सिद्रामप्पांच्या पायऱ्या चढले आणि म्हणाले, "नीरु." सिद्रामप्पांची सून गंगव्वा तांब्या घेऊन आली खरी, पण दारातच थांबली.

"तुमाला चालतंय का आमचं?"

"चालण्याचं सोडा, बाई. मला प्यायचंय."

त्या तांब्याभर पाण्यानं पंतांचं घर सुटलं. बायको मुलांना घेऊन वाईला गेली ती गेलीच. पंगतीतून पान उठलं. पंतांनी पेठेतच एक खोली घेतली आणि कचेरी सुटली की रद्दी नकाशांच्या पाठकोऱ्या बाजूवर गल्लीतलं एकेक दार काढायला बसायचे. मला बखोटीला धरून न्यायचे. रोज ज्या गल्लीतून मी जात होतो ती मला त्यांनी दाखवली. नरसम्मा नावाच्या तेलुगू विणकर बाईच्या दाराच्या गणेशपट्टीवर दोन राघू होते आणि मधे मागाचा धोटा. "माग चालतो तोवर लक्ष्मी, म्हणून कमळाच्या जागी धोटा," पंत सांगायचे. समोरच्या मोमिनाच्या दारावर जिवंत प्राणी चालत नाही, म्हणून सिद्रामप्पांनी नुसतं मोराचं पीस कोरलं होतं. मोर घराच्या मालकानं मनात आणायचा.

दार काढून झालं की घरात जेवण. नरसम्मा 'तिनंडी बाबू' म्हणत भातावर चिंचेचं आंबटजाळ पुलुसु ओतायची आणि पंत डोळे पुसत जेवायचे. मोमिनाची म्हातारी म्हणायची, "पंतजी, ऐसेच नक्को जाव, खाना खाको जाव." तिथं ते मांसाला शिवायचे नाहीत, पण ईदेच्या शेवया वाटी चाटून संपवायचे. "भिंतीची लांबी साखळीनं कळते, केशवराव. घर कुणाचं ते जेवल्यावर कळतं." मी म्हणायचो, पंत, हे कट्टा पडायच्या आधी कळलं असतं तर. हे मी म्हणायचो, बघा. माझ्या जिभेला हाड नव्हतं. पंत म्हणायचे, "हो ना," आणि पुढं चालायला लागायचे.

महिन्यातून एकदा तरी ते मला सिद्रामप्पांकडे न्यायचेच. मी टाळायला बघायचो. आज पोट बरं नाही, आज पाहुणे यायचेत. पंत ऐकायचे नाहीत. कडक भाकरी, शेंगांची चटणी, सायीचं दही. म्हातारा स्वतःच्या हातानं भाकरी मोडून माझ्या ताटात घालायचा. "पंतांचे दोस्त हाव तुमी, लाजू नगा." पटाशीला त्यानं पुन्हा हात लावला नाही. कुणी दार कोरायला सांगितलं तर म्हणायचा, "हात हाय, मन न्हाय." उघड्या पडलेल्या रस्त्याकडे बघत बसायचा. धूळ आता थेट त्याच्या देवघरापर्यंत यायची. मी मान वर न करता ती भाकरी संपवायचो. पंतांनी माझं नाव कधीच तिथं काढलं नाही. मी त्याला मैत्री समजायचो आणि मनातल्या मनात त्यांचे उपकार मानायचो.

सिद्रामप्पा तीस सालाच्या सुमारास गेले. त्यानंतर दोनेक वर्षांत पंतांना छातीच्या दुखण्यानं धरलं. वाईहून कुणी आलं नाही. नरसम्मा पेज आणायची, मोमिनाचा मुलगा पाणी भरायचा. एके दुपारी मी उशाशी बसलो होतो. आत साठलेलं सगळं वर आलं आणि मी म्हणालो, "पंत, आता मी लिहून देतो. साहेबांना, हवं त्याला."

"आता? कट्टा नाही, सिद्रामप्पा नाहीत. साहेब काय करणार त्या कागदाचं?" त्यांना धाप लागली. मग म्हणाले, "ही चित्रं गंगव्वाला नेऊन द्या. ती आहे अजून." पंत पहाटे गेले. खांदा द्यायला तिघं होते, एक मी, एक तेलुगू आणि एक मोमीन. चौथा शेजारच्या गल्लीतून बोलावून आणावा लागला.

दहा दिवसांनी मी चित्रांचं बाड घेऊन गंगव्वाकडे गेलो. तिनं सतरंजी टाकली. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा तोंड मिटलं असतं. उभ्यानंच सांगितलं, की नकाशावरची दुसरी सही माझी होती, मी वाचलं नव्हतं, आणि पंतांनी मागितल्या तरी मी दोन ओळी लिहून दिल्या नाहीत. बाई रडेल, शिव्या देईल, बाड अंगावर फेकेल, असं मला वाटलं होतं.

तिनं बाड पदरानं पुसून कोनाड्यात ठेवलं.

"ठावं हाय की," ती म्हणाली. "नोटीस आली तवाच मामांनी अर्जनविसाकडून नकाशावरच्या दोनी सह्या वाचून घेतल्या व्हत्या."

"ठाऊक होतं? मग मला जेवायला कशाला वाढत होते?"

"तुमी सांगचाल म्हणून. परत्येक खेपंला तुमी हात धुऊन उटंस्तवर वाट बगायचे. तुमी गेला की पंतास्नी म्हणायचे, आज बी न्हाय. पंत म्हणायचे, फुडच्या खेपंला आणतो."