मुख्तारनं दिलेली वाट

गाडीला काय दुखतंय ते मुख्तारला बुडाखालून कळायचं. हे मी गमतीनं सांगत नाही. वाळूजच्या ज्या कारखान्यात तो कायम नोकरीला होता, तिथं नवी स्कूटर आवारातल्या रस्त्यावर पळवून तपासायचं त्याचं काम. दोन चकरा मारून यायचा आणि कागदावर लिहायचा : पुढचं बेअरिंग घट्ट, मागचा शॉकअॅब्सॉर्बर मऊ. खोलून बघितलं की तसंच निघायचं. त्याचे वडील करीमचाचा शहागंजात स्कूटरच्या सीटा शिवायचे. "बाप ने सीटां सिये, मैं सीटां पे बैठ को कमाता," असं मुख्तार हसून म्हणायचा.

मी बद्रीनाथ. काकासाहेब मालक असलेल्या दुसऱ्या एका कारखान्यात टाइम स्टडीला होतो. स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागं उभं राहायचं आणि एका नगाला किती सेकंद लागले ते टिपायचं. असल्या माणसावर कोण जीव लावणार? कारखान्याबाहेर मला मित्र म्हणावा असा बजाजनगरातला शेजारी मुख्तार तेवढा होता.

काकासाहेबांचा एकुलता एक मुलगा उदयराज. पुण्यातलं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून आला आणि शर्यतीत गाडी चालवायची म्हणून हटून बसला. शहाण्णव साली काकासाहेबांनी त्याला तमिळनाडूतून एकआसनी गाडी आणून दिली. ती बघायला सगळं खातं जमलं. चारी चाकं उघडी, अंगाच्या बाहेर काढलेली. मडगार्ड नाही, छप्पर नाही, दार नाही. आत एकच माणूस, तोही बसत नाही, जवळजवळ निजतोच. पाय लांब पुढं, डांबर बुडापासून चार बोटांवर. पाठीमागं मारुतीचं आठशेचं इंजिन. सांडू मिस्त्री म्हणाला, "हे तर बाजल्याला चाकं लावल्यावानी झालं."

आता शेंद्र्याला जिथं कारखाने आहेत तिथं तेव्हा नुसते डांबरी रस्ते आखून ठेवले होते. एका रविवारी सकाळी गाडी तिथं नेली. उदयराज चालवून आला आणि म्हणाला, "वळणावर गाडी ऐकतच नाही." कुणाला काही सुचेना. मी म्हटलं, "साहेब, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे." मीच मुख्तारला बोलावलं. हे सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

मुख्तारनं दोन फेऱ्या मारल्या. हेल्मेट काढून म्हणाला, "मागचं डावं चाक आत बघतंय. अन् पुढच्या टायरात हवा लई आहे." सांडूनं दोरा लावून चाक मोजलं. खरंच आत बघत होतं. काकासाहेबांनी मुख्तारच्या पाठीवर हात ठेवला. "ह्या माणसाला सोडायचं नाही," ते म्हणाले.

त्या हंगामात मुख्तार सुट्ट्या टाकून आमच्याबरोबर मद्रासकडच्या ट्रॅकवर यायचा. आधी सरावात तो गाडी चालवायचा, हवा, स्प्रिंगा, चाकांचा कल बसवून द्यायचा आणि मग उदयराज आत बसायचा. शर्यत कशी असते ते मला तिथंच कळलं. आदल्या दिवशी एकेकाची सगळ्यात वेगवान फेरी मोजतात. ज्याची वेळ कमी, तो दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पुढं उभा. सुरुवातीला टायर गार असतात, गार टायर धरत नाही, म्हणून एक फेरी नुसती नागमोडी फिरून ते तापवायचे. मग दिव्याची खूण झाली की शर्यत सुरू. पुढच्या गाडीच्या पाठीला चिकटून राहिलं की वारा तीच कापते, आपल्याला वेग फुकटात मिळतो. वळणाच्या आधी बाजूला निघायचं आणि उशिरात उशिरा ब्रेक दाबायचा. पण तुमचं उघडं चाक पुढच्याच्या फिरत्या चाकाला लागलं, की गाडी त्यावर चढते आणि उडते. म्हणून ह्या खेळात पुढं जाणाऱ्यापेक्षा जागा सोडणाऱ्याला अक्कल जास्त लागते. हेही मुख्तारनंच मला शिकवलं.

गाडीतल्या माणसाला बाहेरचं काही ऐकू येत नाही. म्हणून ट्रॅकच्या मुख्य सरळ रस्त्याच्या कडेला भिंतीवर उभं राहून त्याला पाटी दाखवायची : कितवा आहेस, किती फेऱ्या उरल्या, मागचा किती सेकंदांवर आहे. ते काम माझ्याकडं आलं.

पुढच्या साली काकासाहेबांनी दुसरी, जुनी गाडी घेतली. मुख्तारला घरी बोलावून म्हणाले, "तू चालव. पण सुट्ट्या काढून जमायचं नाही. नोकरी सोड, माझ्याकडं ये."

मुख्तारची बायको ताहेरा शिकलेली होती, उर्दू शाळेत शिकवायची. तिनं मला दारातच अडवलं. "बद्रीभाऊ, तुम्ही सांगा त्यांना. कंपनीची कायमची नोकरी अशी कुणी सोडतं का? मोठ्या घरचा शौक आहे हा. त्यांच्या पोराचं मन भरलं की आपण कुठं?"

"काकासाहेब शब्दाचे पक्के आहेत, वहिनी," मी म्हणालो. मला तसं वाटतही होतं. मुख्तारनं नोकरी सोडली.

जुन्या गाडीची सीट तिच्या आधीच्या जाड मालकाच्या मापाची होती. मुख्तार सडपातळ. तो दोन्ही बाजूंना टॉवेल कोंबून बसायचा, शर्यत संपल्यावर बरगड्या काळ्यानिळ्या झालेल्या असायच्या. तरी त्या दोन वर्षांत तो कधी तिसरा आला, कधी दुसरा. आणि उदयराजची गाडीही तोच बसवून देत होता. अठ्ठ्याण्णवच्या शेवटच्या शर्यतीला आलो तेव्हा उदयराज गुणांमध्ये वरच्या दोघातिघांत होता. ती शर्यत त्यानं जिंकली, तरच विजेतेपद त्याचं.

शर्यतीच्या सकाळी काकासाहेबांनी मला आणि मुख्तारला बाजूला घेतलं. त्यांच्या हातात पाटीला अडकवायचा एक पत्र्याचा तुकडा होता. त्यावर खाली तोंड केलेला बाण रंगवलेला.

"हा बाण दिसला की उदयला वाट द्यायची," ते मुख्तारला म्हणाले. "पुढच्या साली नवी गाडी तुझी. मी बोललो म्हणजे बोललो."

मुख्तार बाणाकडं बघत राहिला. "छोटे साहेबांना माहीत आहे?"

"त्याला कशाला? आपल्या तिघांत राहू दे."

बारा फेऱ्यांची शर्यत. तिसऱ्या फेरीला मुख्तार पहिला झाला. तसं चालवणं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. फेरी अन् फेरी एकाच मापाची, माझ्या घड्याळात दोन-तीन दशांशांचा फरक. कारखान्यात यंत्राचासुद्धा एवढा सारखा वेळ मी टिपला नव्हता. उदयराज दुसरा, अडीच सेकंद मागं.

आठव्या फेरीला काकासाहेब म्हणाले, "बाण लाव."

मी म्हटलं, "साहेब, अजून चार फेऱ्या आहेत. उदयसाहेब येतीलही पुढं."

"बद्रीनाथ, बाण लाव."

मी लावला. मुख्तार समोरून सूं करून गेला. त्या फेरीत त्यानं वेग कमी केला नाही. दहाव्यालाही नाही. मला आतून बरं वाटलं, आणि हात मात्र पाटी उंच धरून होते. अकराव्याला त्याची फेरी एका सेकंदानं जास्त आली. मग मला कळलं, हा वाट देणार. शेवटच्या फेरीत, लोक बसतात तिथून लांबच्या वळणावर, त्यानं ब्रेक लवकर दाबला. लोकांना वाटलं, उदयराजनं आत घुसून त्याला मागं टाकलं. मुख्तारनं ते इतकं सफाईनं केलं की वाट दिली असं कुणाला दिसू नये. एवढीही इज्जत त्यानं त्या पोराची राखली.

उदयराज गाडीतून उतरला तो ओरडतच. मुख्तारला मिठी मारून म्हणाला, "सापडलास की नाही शेवटी!" त्याला खरंच तसं वाटत होतं. मी काकासाहेबांकडं बघितलं. ते पेढे वाटत होते.

दोन महिन्यांनी पुढच्या हंगामाची बैठक झाली. उदयराज सरळ म्हणाला, "बाबा, दुसरी गाडी कशाला? मुख्तारभाई चांगले आहेत, पण बरोबरीच्या गाडीत बसले तरी त्यांचं वय झालंय. शेवटच्या फेरीत दमले ते. मी स्वतः मागं टाकलंय त्यांना."

काकासाहेब पाणी प्यायले. मला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "बघू." त्या 'बघू'वर मुख्तारचं प्रकरण संपलं. मी तिथंच बसलेलो होतो. मीही बोललो नाही.

मुख्तार आठ दिवस काकासाहेबांच्या केबिनबाहेर बसला. नंतर जुन्या कंपनीत गेला. तिथं त्याच्या जागेवर दुसरा माणूस होता आणि नवी भरती बंद होती. उदयराजचं म्हणाल, तर गाडी बसवून देणारा गेल्यावर तो त्या साली आठव्याच्या वर आला नाही. वर्षभरात त्याचं मन भरलं आणि गाड्या ताडपत्रीखाली गेल्या. ताहेराचं बोलणं अक्षर न् अक्षर खरं झालं. ती मला कधी बोलली नाही. फक्त दार उघडायची बंद झाली. "ते घरी नाहीत," आतूनच सांगायची.

मुख्तार क्रांती चौकाजवळच्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लागला. शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असलेली गाडी. ताशी वीसच्या वेगानं तो कारकून, शिक्षिका, दुकानदार यांना शिकवायचा. पुढची बारा-चौदा वर्षं.

दोन हजार अकराला दिल्लीजवळ ती मोठी जागतिक शर्यत झाली आणि आपल्याकडंही सगळ्यांना अचानक रेसिंग आठवलं. एका मंडळानं 'शहराचा पहिला रेसिंग विजेता' म्हणून उदयराजचा सत्कार ठेवला. काकासाहेब आदल्या वर्षी गेले होते. कारखाना आता उदयराजचा आणि मी त्याचा नोकर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. उदयराजनं मोठ्या मनानं मुख्तारला बोलावणं धाडलं. तो आला. केस सगळे पांढरे.

उदयराजनं भाषणात ती शेवटची फेरी सांगितली. वळण, ब्रेक, आत घुसणं, सगळं. टाळ्या पडल्या. मग म्हणाला, "माझा सगळ्यात कडवा प्रतिस्पर्धी आज इथं आहे," आणि मुख्तारला वर बोलावून माईक हातात दिला.

मुख्तारनं माईक धरला आणि रांगांवरून नजर फिरवली. तिसऱ्या रांगेत मी बसलो होतो. त्यानं मला शोधून काढलं.

"त्या दिवशी मला पाटीवर काय दाखवलं होतं, ते बद्रीभाऊला विचारा," तो म्हणाला. "पाटी त्यांच्याच हातात होती."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. उदयराजनं हसत विचारलं, "काय हो बद्रीनाथ, काय होतं पाटीवर?"

मी उभा राहिलो. "नेहमीचंच, साहेब," मी म्हणालो. "किती फेऱ्या उरल्या, ते."

लोक हसले. कुणीतरी टाळीही वाजवली. मुख्तारनं माईक टेबलावर ठेवला आणि बाजूच्या पायऱ्यांनी उतरून निघून गेला.

निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांनी मी उदयराजच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. बाण, काकासाहेबांचं 'आपल्या तिघांत राहू दे', माझ्या वहीतल्या फेऱ्यांच्या वेळा. त्यानं ऐकून घेतलं. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "असेलही. बाबा होते तसे. पण आता ते उकरून कुणाचं भलं होणार? चहा घेता ना?" मी चहा घेतला. त्याच्या मागच्या कपाटात विजेतेपदाची ढाल होती, ती तिथंच राहिली.

तिथून रिक्षा करून मी क्रांती चौकात गेलो. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी कडेला उभी होती. स्टिअरिंगवर द्वारकाबाई नावाच्या एक पन्नाशीच्या नर्सबाई, बाजूला मुख्तार. मी खिडकीशी वाकून म्हणालो, "मुख्तार, मी आज उदयराजला खरं सांगितलं. सगळं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला राग आलाय असंही दिसेना.

"मला कशाला सांगतो?" तो म्हणाला. "त्या दिवशी माईक चालू होता. चारशे माणूस बसला होता."

"चुकलं माझं."

"व्हय," मुख्तार म्हणाला. मग बाईंकडं वळून, "क्लच दाबा, ताई. आरशात बघा. मागं कुणी नाय, निघा."

गाडी दोनदा गचकली आणि हळूहळू पैठण गेटच्या बाजूला गेली.