मास्तरांचा उजवा पाय

मास्तर,

तुम्हाला पत्र लिहिते आहे खरी, पण तुम्ही ते वाचणार नाही, कुणाकडून तरी वाचून घ्याल. चष्मा खिशात असताना "चष्मा विसरलो, जरा काय लिहिलंय बघता का" म्हणायची तुमची खोड मला ठाऊक आहे. तेव्हा वाचून दाखवणाऱ्यालाही समजेल असं लिहिते. आणि "तुम्ही असं केलंत, तुम्ही तसं केलंत" म्हणून सुरुवात केली की माझं तुमच्याशी भांडण सुरू होतं आणि पत्र चार ओळींपुढे सरकत नाही. दोन कागद असेच फाडले. म्हणून तिसऱ्याच कुणाची हकिगत सांगावी तशी तुमची सांगते. त्यात पुढे एक हेकट बाई येईल, ती मी. तिचंही काही झाकून ठेवणार नाही.

तर मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. सकाळी सहा ते बारा आणि पुन्हा चारपासून दिवे लागेपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाला एकेक शिकाऊ. गाडी तीच पांढरी, रस्ताही तोच. ड्रायव्हिंग स्कूलच्या दारातून निघायचं, गोदामांच्या मागून जायचं, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचा, चढावर एकदा थांबून पुन्हा निघायचं, की परत दारात. एकोणतीस वर्षं. "पृथ्वीला किती फेऱ्या झाल्या असतील," असं कुणी कौतुकानं म्हटलं की त्यांची बायको म्हणायची, "झाल्या असतील, पण मला टाकीच्या पुढे कधी नेलं नाही."

पहिल्या दिवशी ते गाडी सुरूच करू देत नसत. अर्धा तास नुसतं बसायला शिकवायचे. वाक्यं ठरलेली, आवाज सपाट, कंडक्टरनं स्टॉप सांगावेत तसा.

"कंबर मागे घ्या, अगदी कोपऱ्यात. हं. आता क्लच पूर्ण दाबा. गुडघा ताठ झाला ना? मग सीट पुढे घ्या. गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. सीट खटकन बसली का? हलवून बघा. नाही बघितलंत तर चढावर सीटसकट मागे जाल आणि ब्रेक राहील पुढे. आता पाठ टेका आणि हात लांब करा. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकतंय? झालं. पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर. वरचा भाग गळ्याशी नको, खांद्याच्या मधोमध. टाच खाली टेकलेली ठेवा, नुसता पंजा फिरवा, ब्रेकवरून रेसवर, रेसवरून ब्रेकवर."

एका कॉलेजकुमारानं वैतागून विचारलं होतं, "मास्तर, फोटो काढायचाय का माझा?"

"अपघात झाला की पोलीस काढतात," मास्तर म्हणाले. "तो चांगला यावा."

हे सगळं सांगणारा माणूस स्वतः कसा बसायचा? दिव्याखाली अंधार. डावीकडची सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढलेली, कंबर अर्धी वळलेली, पाठ कशालाच टेकलेली नाही, डोळे शिकाऊच्या हातांवर आणि उजवा पाय ब्रेकच्या वर चार बोटं अधांतरी. रोज नऊ-दहा तास. त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते, शिकवायच्या गाडीला असतात तसे. मास्तरांनी ब्रेक दाबला की आतल्या दांड्यामुळे शिकाऊचाही ब्रेक खाली जायचा. उलट मात्र व्हायचं नाही. शिकाऊनं दाबला तर मास्तरांचा जागचा हलत नसे. संध्याकाळी घरी आले की गुडघा जिन्यावर कुरकुरायचा. बायको गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची आणि ते टीव्हीपुढे बसायचे. पडद्यावर गाडी जोरात आली की त्यांचा पाय फरशीवर दाबला जायचा. घरात या गोष्टीवर हसून हसून सगळे थकले होते.

एकुलती एक लेक नर्स होती, वेगळी राहायची. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळात तिची नेमणूक झाली. पहाटेची पाळी, आणि पहिली बस येईपर्यंत पाळीचा पाऊण तास उलटलेला. तिनं जुनी छोटी गाडी घेतली. शिकवलं अर्थात मास्तरांनीच. परीक्षा त्याच पांढऱ्या गाडीतून, शेजारी मास्तरच. पास झाली पहिल्या झटक्यात. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी "बसण्यावरून कळतं मास्तरांची मुलगी" असं म्हटलं, तेव्हा मास्तर कधी नव्हे ते दोन दिवस खुशीत होते.

तिसऱ्या दिवशी लेक पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन निघाली आणि इस्पितळाच्या उतारावरून आत शिरताना गाडी समोरच्या भिंतीवर गेली. फार वेग नव्हता. पट्ट्यानं जीव वाचवला आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. मास्तर पोचले तेव्हा ती तिच्याच वॉर्डात खाटेवर होती.

"भिंत दिसली नाही का गं?"

"दिसली की."

"मग पाय कुठे होता?"

"ब्रेकवरच होता, बाबा. मी वाट बघत होते."

"कसली?"

"तो खाली जायची."

मास्तर खाटेच्या गजाला धरून उभे राहिले. सहा आठवडे लेक त्यांच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवत होती आणि ब्रेक खाली जात होता. तो तिच्या पायानं जातोय की बापाच्या, हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. आणि बापाला? त्यालाही नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, पाय आवरायचा. दुपारी बायकोला म्हणाले, आज दोनदाच दाबला. पण हे त्यांना खात्रीनं सांगता येईना. पाय त्यांच्या नकळत काम करत होता, दात दुखत असला की जीभ तिकडे जाते तसा. शेवटी ते गॅरेजमधल्या वायरमनकडे गेले. म्हणाले, माझा ब्रेक दाबला गेला की वाजेल असं काहीतरी बसव.

वायरमन हातातला पाना ठेवून हसायला लागला. "मास्तर, मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार हे ऐकलं होतं. मांजरच घंटा मागायला आलेलं पहिल्यांदा बघतोय."

"तू बसव."

"आवाज कुठला ठेवू? पक्ष्याचा आहे, बाळाच्या रडण्याचा आहे..."

"कुठलाही ठेव. मला ऐकू आला म्हणजे झालं."

त्यानं ब्रेकखाली छोटा स्विच बसवला आणि डॅशबोर्डखाली बझर. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिकाऊबरोबर दारातून पाण्याच्या टाकीपर्यंत बझर सतरा वेळा वाजला. शिकाऊ म्हणजे महिनाभर शिकून तयार झालेला, चार दिवसांवर परीक्षा आलेला एक दुकानदार. टाकीपाशी त्यानं गाडी थांबवली (तेव्हाही वाजला) आणि घाम पुसत विचारलं, "म्हणजे आजवर मी काय करत होतो?"

"स्टिअरिंग चांगलं आहे तुमचं," मास्तर म्हणाले.

आठवड्याभरात बोभाटा झाला. लोक पैसे भरून आत्मविश्वास घ्यायला येतात, आणि इथे दर वळणावर त्यांची लाज वाजत होती. एकीच्या आईनं येऊन मालकांना सुनावलं. मालक वयानं मास्तरांहून लहान, पण शहाणपणानं आजोबा. "मास्तर, पाय तुमचा, खोड तुमची, त्याची दवंडी का पिटता? तेवढं वाजणं काढा."

"काढलं तर मला कळणार नाही."

"एकोणतीस वर्षं कळत नव्हतं, काय बिघडलं?"

यावर मास्तरांकडे उत्तर होतं, पण ते मालकांना द्यायचं नव्हतं. बझर राहिला. मालकांनी चांगले चांगले शिकाऊ दुसऱ्या मास्तरांकडे वळवले आणि ह्यांच्याकडे ठेवलं ते कुणालाच नको असलेलं गिऱ्हाईक: कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली, सहासष्ट वर्षांची, प्रत्येक गोष्टीला "का?" विचारणारी बाई. नवरा गेल्यापासून त्याची गाडी दारात धूळ खात होती. कुठे जायचं म्हटलं की भाच्यांच्या "येतो मावशी, पाच मिनिटांत" वर ताटकळत बसायचा बाईंना वीट आला होता.

बाईंना बझर फार आवडला. "निदान चूक कुणाची ते तरी कळतं," त्या म्हणाल्या. तिसऱ्याच दिवशी चौकात बझर वाजला तेव्हा त्या खेकसल्या, "आत्ता कशाला दाबलात? मी दाबतच होते."

"सायकलवाला आडवा आला, बाई."

"मला दिसत नव्हता का तो? माझ्या डोळ्यांवर भरवसा नसेल तर माझी फी परत करा."

"तुमच्यावर आहे," मास्तर थकून म्हणाले. "पाय माझं ऐकत नाही."

गाडी कडेला घेऊन बाईंनी हँडब्रेक ओढला आणि मास्तरांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "मास्तर, सीट मागे घ्या."

"कुणाची?"

"तुमची. मला पहिल्या दिवशी अर्धा तास जे ऐकवलंत ते स्वतः करा. कंबर मागे, पाठ टेका, टाच खाली."

"मग ब्रेकवर पाय कसा पोचेल?"

"पोचेल. पण टाच उचलावी लागेल. तुमचा पाय ब्रेकवरच राहायला आलाय, म्हणून त्याला तुम्हाला विचारावं लागत नाही. त्याला जरा लांब ठेवा, विचारून जाऊ दे."

एकोणतीस वर्षं एका जागी गंजलेली सीट सहज हलेना. दोघांनी मिळून ढकलली, तेव्हा कुठे दोन खाचा मागे सरकली. मास्तरांनी पाठ टेकली आणि डोळे मिटले. चांगली दोन मिनिटं ते तसेच बसून राहिले. बाईंना वाटलं, झोपले की काय. पण ते म्हणाले, "बरं वाटतंय हो," आणि त्यांच्या आवाजात कोणीतरी उपकार केल्यासारखं काहीतरी होतं, म्हणून बाईंनी घाईघाईनं गाडी सुरू केली.

बझर हळूहळू कमी झाला. सतराचे नऊ झाले, नवाचे चार. बाई परीक्षेला गेल्या त्या आठवड्यात एका फेरीत तो एकदाच वाजला, तोही कुत्रं मध्ये आलं म्हणून, आणि तेव्हा दोघांनी मिळूनच दाबला होता. बाई पास झाल्या. साहेबांशी त्यांचा आरशावरून वाद झाला, तरीही.

मग मास्तर लेकीकडे गेले. हाड जुळलं होतं, गाडी दुरुस्त होऊन आच्छादनाखाली उभी होती. लेक रात्रीच इस्पितळात जाऊन बाकावर झोपायची, म्हणजे पहाटेची पाळी चुकत नसे. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मास्तर म्हणाले, आता पाय आवरलाय, पुन्हा शिकवतो.

"नको बाबा," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी असलात की माझा पाय झोपतो. तुमचा आवरला असेल, माझा नाही आवरत."

"मग दुसऱ्या कुणाकडे शिक."

"चालवायला येतं मला. फक्त तुम्ही एकदा मागच्या सीटवर बसा. तिथे तुमच्या पायापुढे काही नाही, आणि ते मला माहीत असेल. एकदाच. मग मी जाईन." आणि म्हणाली, "किल्ली तुम्ही त्या दिवशी नेलीत ती घेऊन या."

अपघाताच्या दिवशी त्यांनी किल्ली खिशात घातली होती, ती परत दिलीच नव्हती. हे सगळं त्यांनी बाईंना येऊन सांगितलं, त्यांच्या दारातल्या पायरीवर बसून.

"दुसरी किल्ली असते की गाडीला," बाई म्हणाल्या.

"तिच्याकडेच आहे. ती वापरत नाही."

मग मास्तर जे मागायला आले होते ते त्यांनी मागितलं. "तुम्ही मला तुमच्या गाडीतून तिच्याकडे न्याल का? मी मागे बसेन. आधी तुमच्या मागे जमतंय का बघतो. जमलं तर तिथेच तिला किल्ली देईन आणि तिच्या मागे बसेन."

रविवार ठरला. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि सवयीनं पुढचं डावं दार उघडून बसले. बाई म्हणाल्या, "मागे." ते उतरले, मागचं दार उघडलं, एक पाय आत टाकला. तसेच उभे राहिले. "आज गुडघा फार दुखतोय," म्हणाले. पुढच्या रविवारी बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. त्याच्या पुढे महिन्यानं मास्तर पुन्हा पायरीवर येऊन बसले. किल्ली काढून बाईंपुढे धरली.

"तुम्हीच देऊन या ना तिला. सांगा बाबांनी दिली."

"मी पोस्टमन नाही," बाई म्हणाल्या. "तिला किल्ली नकोय, मास्तर, तुम्ही मागे बसलेले हवे आहात. बसत असाल तर आत्ता निघू."

मास्तरांनी गाडीकडे पाहिलं. मागच्या सीटकडेही पाहिलं, बराच वेळ. मग किल्ली खिशात ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणाले. बाईंनीही "बघू" म्हटलं. त्यांना राग आला होता, आणि राग आला की त्यांना चहाचंसुद्धा विचारायचं सुचत नाही.

पुढच्या आठवड्यात मालकांनी मास्तरांना रजा दिली, ती कायमचीच. बायकोला घेऊन ते भावाकडे राहायला गेले, बसनं सहा तास. लेक अजून रात्रीच इस्पितळात जाते आणि बाकावर झोपते. बाईंची गाडी दारात आहे, चालू स्थितीत, मागची सीट रिकामी. लेकीचं घर त्यांच्यापासून पंचवीस मिनिटांवर आहे, सिग्नल धरून.