हॉर्नच्या बटणावर सुरू होणारा ट्रॅक्टर

टायरवाल्याला लागून जो अरुंद गाळा आहे, तिथं गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या बाईला सगळा रस्ता ठिणगी म्हणतो. हे नाव तिच्या स्वभावावरून पडलं असं कुणीही सांगेल, आणि स्वभाव तापट आहे हे काही खोटं नाही. पण खरं कारण वेगळं. कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून एका टेम्पोच्या बॅटरीवर पाना आडवा पडला. असा जाळ निघाला की समोरचा न्हावी गिऱ्हाइकाला अर्धवट दाढीत सोडून रस्त्यावर आला.

गाळा तेव्हा तिच्या मामांचा होता. नवरा अचानक गेल्यावर ती मामा-मामींकडे येऊन राहिली होती. जेवायला हाक मारली की जेवायची, नाही मारली तर खिडकीशी बसून राहायची. नातेवाईक येऊन समजूत घालून जात आणि जाताना फराळाचा डबा रिकामा करून जात. मामांना समजूत वगैरे घालता येत नव्हती. एका सकाळी त्यांनी तिला गाळ्यात नेलं, टेस्टिंगचा दिवा हातात दिला आणि स्वतःचा तळवा पुढं केला.

"अंगठी."

ती नवऱ्यानं दिलेली अंगठी. ती बोटातून काढायची नाही असं तिनं ठरवलं होतं. तिनं मूठ आवळली.

"बॅटरीला कळत नाही पोरी, अंगठी कुणी दिली ते," मामा म्हणाले. "तिला नुसता धातू कळतो. बोट भाजून काढेल."

तिनं अंगठी काढून दिली. मामांनी ती सदऱ्याच्या खिशात टाकली, खिशाचं बटण लावलं, आणि संध्याकाळी न मागता परत दिली. मग रोजचंच झालं. सकाळी तळवा, दिवसभर खिसा, संध्याकाळी अंगठी. मधल्या वेळात ती काम शिकली. वर्षभरात लोक मामांना विचारू लागले, "ठिणगी आहे का? नसेल तर उद्या येतो." यावर मामा इतके खूश व्हायचे की त्यांचं स्वतःचंच गिऱ्हाईक जातंय हेही त्यांच्या लक्षात यायचं नाही.

या सगळ्याबद्दल ठिणगीनं मामांचे कधी आभार मानले नाहीत. मानणार कसे? घरच्या माणसाला थँक्यू म्हटलं तर तो विचारतो, ताप आलाय का. आज म्हणू, उद्या म्हणू करता करता मामांना विसर पडू लागला. आधी पाने विसरले, मग गाळ्याची वाट. मामींना ते 'ताई' म्हणू लागले आणि ठिणगी दिसली की उठून उभे राहत, "या मॅडम, बसा." ती बसायची. ज्यांचे आभार मानायचे ते समोर बसून निघून चालले होते.

म्हणून तिनं त्यांचा ट्रॅक्टर हातात घेतला. घरामागच्या शेडमध्ये तो जुनाट ट्रॅक्टर उभा होता, मामींच्या मते त्यांची सवत. इंजिन ठणठणीत, पण वायरिंगची पार वाट लागलेली. वायरींची कातडी हात लावताच भुगा व्हायची, उरलेलं उंदरांनी खाल्लेलं. आणि स्विचांचा तर आनंदीआनंद. मामांचा सेल्फचा, म्हणजे इंजिन सुरू करायचा स्विच कधीतरी भर शेतात मेला होता. तेव्हा त्यांनी हॉर्नच्या बटणाची वायर सेल्फला जोडली आणि चावीचं काम लाइटच्या खटक्यावर ढकललं. लाइट ओढायचा, हॉर्न दाबायचा, की ट्रॅक्टर सुरू. हॉर्नचं काम मामांचा घसा करायचा. "एकदा नीट करून टाकतो," असं ते वर्षानुवर्षं म्हणत आले होते.

ठिणगीनं नीट करून टाकलं. जुनं सगळं उपटलं, नव्या वायरी स्लीव्हच्या नळीतून ओढल्या, प्रत्येक टोकाला जोडणीचा पितळी लग दाबला. नवे स्विच बसवले, चावीच्या जागी चावी, हॉर्नच्या जागी हॉर्न. मामांनी पाहिलं असतं तर तपासायला म्हणून एकही वायर ओढून बघितली नसती, इतकं चोख काम. मग रविवारी मामींनी मामांना हात धरून शेडमध्ये आणलं.

मामा थबकले. मग कुणीही न सांगता मडगार्डला धरून वर चढले आणि सीटवर बसले. मामांनी नव्या चावीकडं न बघता लाइटचा खटका ओढला आणि हॉर्नचं बटण दाबलं.

हॉर्न असा केकाटला की मामा दचकून स्टिअरिंगवर आदळले. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. ते हळूहळू खाली उतरले.

"हा आपला नाही," ते म्हणाले. "कुणाचा तरी आहे. देऊन टाका त्यांना."

ते शेडच्या पायरीवर जाऊन पाठ फिरवून बसले. मामींनी डोळ्यांना पदर लावला. ठिणगीला रडू आलं नाही, राग आला, आणि तो स्वतःचा आला. ज्या हातांना अजून सगळं पाठ होतं, त्या हातांखालची वाटच तिनं बदलून ठेवली होती. चोख काम म्हणे.

"मामी, जेवायला थांबू नका," ती म्हणाली आणि पाना उचलून बॅटरीचं टर्मिनल सोडवायला वाकली. आता चावी पुन्हा लाइटच्या खटक्यावर न्यायची, सेल्फ हॉर्नच्या बटणावर. वायरी नव्याच, चूक मात्र जुनी, जशीच्या तशी.

पाना नटाला लागायच्या आत तिच्या नाकासमोर एक तळवा आला.

"अंगठी," मामा म्हणाले.

रागाच्या भरात अंगठी काढायची राहिली होती. ती आधी तळव्याकडं बघत राहिली, मग मामांकडं. मग तिनं अंगठी काढून तळव्यावर ठेवली. मामांनी ती खिशात टाकली, बटण लावलं आणि तिथंच एका डब्यावर बसून तिचं काम बघू लागले. एकदा म्हणाले, "ती वायर सायलेन्सरपासून लांब ने." तिनं नेली.

ऊन कलल्यावर मामा पुन्हा सीटवर चढले. लाइट ओढला, हॉर्न दाबला. इंजिन खोकलं, धुराचा लोट सोडला आणि धडधडू लागलं. मामा हसले. सीटवर थरथरत, सगळे दात दाखवत हसले. शेडबाहेर मामी रडतारडता ओरडत होत्या की धुतलेले कपडे काळे होतील.

ठिणगी मडगार्डवर चढली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलली, कारण आता नाही तर कधीच नाही. "मामा, तुम्ही मला खिडकीपासून उठवलंत. नाहीतर मी तिथंच संपले असते. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

इंजिनाच्या आवाजात त्यांना किती ऐकू गेलं कोण जाणे. त्यांनी ट्रॅक्टर बंद केला, खिशाचं बटण सोडलं आणि अंगठी काढून बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. ओठ हलले, पण नाव काही आलं नाही.

"ही तुझी," ते म्हणाले, आणि अंगठी तिच्या हातावर ठेवली.