कापलेला वन्स मोअर

काल सकाळी आमचे डोमाजी मास्तर गेले आणि मला हायसं वाटलं.

शिव्या द्यायच्या आधी पूर्ण वाचा.

मास्तर नाकाडोंगरीचे. झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवण्यात अख्खा जन्म गेला.
मी 'बावनथडी' या आमच्या पॉवर मेटल बँडची गायिका. एरवी तुमसरला मेडिकलच्या काउंटरवर असते.

आमचा पहिला लाइव्ह अल्बम सिहोऱ्याच्या मंडईत रेकॉर्ड करायचा होता. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे आमच्याकडची जत्राच, तुफान गर्दी. रात्री त्याच स्टेजवर नाटक, म्हणून आम्हाला दुपारचा स्लॉट. मागे नाटकाचा राजमहालाचा पडदा. फुकटात किल्ला मिळाला म्हणून आम्ही खूश!

शोच्या तासभर आधी कीबोर्डवाल्या भूषणचा फोन.
"बांधीत हार्वेस्टर आलं वं. आज सोडलं त आठ दिवस नंबर नाही लागत."

धानाच्या कापणीपुढे मेटलचं काय चालणार?

मी स्टेजच्या कडेला बसून चक्क रडत होते. मास्तर रात्रीच्या नाटकासाठी ऑर्गन लावून बघत होते.

"काहून रडून राहिली बाई?"
सगळं सांगितलं.
"हे पावर मेटल म्हनजे काय रायते?"
"राजे, तलवारी, लढाया. आणि लई फास्ट, मास्तर."
"म्हनजे ऐतिहासिक नाटक व्हय! मंग सिधं सांग ना. कोनती पट्टी?"

अर्ध्या तासात सगळी गाणी त्यांच्या बोटांत बसली.

चौथ्या गाण्यात तर ऑर्गन असा काही उसळला की आमचा गिटारवाला स्वतःचं वाजवायचं विसरला.

गाणं संपलं. मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मग अख्खी मंडई.

आमच्यात याचा अर्थ, शेवटी अजून एखादं गाणं वाजवा.
मास्तरांच्या दुनियेत याचा अर्थ, हेच गाणं, आत्ताच्या आत्ता, पहिल्यापासून.

त्यांनी सरळ सुरुवात धरली. ड्रमर माझ्याकडे बघतोय, मी ड्रमरकडे. करता काय? गायलो परत.

आणि दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं. तेव्हा हे मी कोणाकडे कबूल केलं नाही.

नागपूरचा मिक्सिंगवाला म्हणाला, "मॅडम, एकच गाणं दोनदा? लोक हसतील."
मलाही लाज वाटली. बाकीचे बँड काय म्हणतील?
"काप," म्हटलं.

अल्बम आला. लाइक्स आले. तोवर मास्तरांनी खाट धरली होती. दम्याने पार पोखरलं होतं त्यांना.

मी मोठ्या तोऱ्यात स्पीकर घेऊन गेले. चौथं गाणं लावलं. पांघरुणावर त्यांची बोटं चालत होती. गाणं संपलं तरी बोटं तयारीत थांबलेली.

पाचवं गाणं सुरू झालं.

"वन्स मोअर कुठी गेला?"
"कापला, मास्तर."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"लोकायनं मांगला होता बाई. कापाले तो का आपला होता?"

आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

बाहेर पडल्या पडल्या नागपूरच्या मिक्सिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "रॉ फाइल उडवली असंल, हार्डडिस्क फुल झाली होती."

चार दिवस नीट जेवले नाही. काउंटरवर एका काकांना खोकल्याच्या जागी पित्ताचं औषध देत होते, त्यांनीच पकडलं. मनात एकच, मास्तर आत्ता गेले तर हे मी कसं निस्तरू?

पाचव्या दिवशी आमच्या साउंडवाल्याच्या जुन्या पेनड्राइव्हमध्ये सगळं सापडलं. आरडाओरड्यासकट. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

अल्बम परत अपलोड केला. गाणं दोनदा. ऑर्गन : डोमाजी मास्तर.
हसा ज्यांना हसायचंय.

गेल्या रविवारी परत गेले. गर्दी "वन्स मोअर" ओरडली, मास्तरांचा ऑर्गन उठला, आणि ते असे हसले की ठसकाच लागला.
काकू, म्हणजे मास्तरांची बायको, ओरडल्या, "बंद कर वं ते! जीव घेतेस का बुढ्याचा?"

मी स्पीकरकडे हात नेला. मास्तरांनी माझं मनगट धरलं. श्वास पुरत नव्हता, तरी पूर्ण ऐकलं. संपल्यावर एक बोट वर केलं.

"वन्स मोअर."

जन्मभर दुसऱ्यांना देत आलेला माणूस. स्वतःसाठी मागताना मी पहिल्यांदाच बघितला.

लावलं परत. काकूंनीही मग खाटेशी बसून ऐकलं.

काल सकाळी चहा घेतला, कूस बदलली आणि गेले. काकू म्हणाल्या, "सुटले बापा." मला रडू आलं, पण छातीवरचा दगड उतरला होता. आठ दिवस आधी गेले असते तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

मास्तर, तुमचा वन्स मोअर जागेवर आहे. आता कोणी कापणार नाही.

आज तुमच्याकडे मागत नाही. खूप वाजवलंत. आता आराम करा.