बाहेरची कडी

शालूताई गेली तेव्हा मी सिंदी गावातल्या माझ्या लोखंडी सामानाच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दाखवत होतो. सावंगीच्या दवाखान्यातून तिच्या मुलीचा फोन आला, "मामा, आई गेली." मी बिजागऱ्या कागदात बांधून दिल्या आणि मगच खाली बसलो. हात आपलं सवयीचं काम करत राहतात... आता महिना उलटून गेला, तरी दाराला लावायची कुठलीही वस्तू हातात आली की तीच आठवते.

शालूताई माझी आतेबहीण. वर्ध्याच्या शाळेत मास्तरीण होती. निवृत्त झाल्यावर तिला राज्याच्या एका सल्लागार समितीवर घेतलं. गुन्ह्यात सापडलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांना जिथे ठेवतात, ती निरीक्षणगृहं पाहायची आणि कुणाला सरकारी अनुदान द्यावं ते सुचवायचं, हे समितीचं काम. आपल्याकडे तपासणी म्हणजे आधी निरोप, मग दारात रांगोळी, शाल-नारळ आणि मुलांच्या तोंडी स्वागतगीत. शालूताई न कळवता जायची. चहाला हात लावायची नाही. प्रत्येक खोलीत स्वतः शिरायची आणि अधीक्षकाला म्हणायची, "लावा दार." आतून उघडलं तर पुढची खोली. मी चिडवायचो, "ताई, तू तपासाले जातं का सजा भोगाले?" ती म्हणायची, "बाहेर उभं राहून खोली समजते काय रे बापू?"

आपल्याच भागातल्या एका निरीक्षणगृहात एका दाराला बाहेरून जाड कडी होती. धान्याची कोठी आहे, असं अधीक्षकांनी सांगितलं. आत एक पोतं नाही, उंदराची लेंडी नाही, नुसता फिनाइलचा वास. धान्याची कोठी फिनाइलने कोण धुतं? ताई आत पाऊल टाकणार तेवढ्यात मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, उजव्या कोपऱ्यात उभ्या राहजा. तेथं हवा लागते." ती कडी तिने तिथल्या तिथे काढायला लावली, पिशवीत घातली आणि माझ्या गल्ल्यावर आणून ठेवली. "तुह्यापाशी ठेव. विकू नोको."

समितीत मग बरीच खडाजंगी झाली. अनुदान थांबलं तर पोरं खातील काय, असं एकेक जण विचारू लागला. जेवणाचं थांबवू नका, बाकीचं थांबवा. त्या खोलीला मोठी खिडकी होऊ द्या, मी स्वतः पुन्हा पाहून येते, मग द्या, असं ताईने सांगितलं. तिचं म्हणणं टिकलं. आणि पुन्हा जायच्या आधीच तिने अंथरूण धरलं.

शेवटचे भेटलो तेव्हा तिला स्वतःच्या दुखण्याचं काहीच बोलायचं नव्हतं. "तेथं पाहाले आता कोण जाऊन राह्यलं?" म्हणाली. मी म्हटलं, कोणीतरी जाईल, तू आराम कर. "कळवून जातीन ते..." एवढं बोलून तिने डोळे मिटले. मला तेव्हाच भीती वाटली होती. ती खरी ठरली. तेराव्यानंतर कळलं की समितीचे लोक कळवून गेले, गीत ऐकलं, कोठी लांबूनच पाहिली, अनुदान सुरू झालं.

परवा भरदुपारी एक माणूस दुकानात आला. "भाऊ, मजबूत कडी पायजे. बाहेरून लावाची."

"काऊन? कोणत्या दाराले?"

त्याने त्याच निरीक्षणगृहाचं नाव घेतलं. "कोठीले. अनुदान आलं न आता." मग त्याची नजर गल्ल्याशेजारच्या कडीवर गेली. त्याने ती उचलली, बोटाने सरकवून पाहिली. "हे काय, हेच तं पायजे."

मी ती त्याच्या हातातून काढून घेतली. विकाऊ नाही म्हटलं. खिडकी केली का, म्हणून विचारलं. तो हसला. "गावात दुकानं काय कमी हायत?" असं म्हणत समोरच्या दुकानात शिरला आणि थोड्या वेळाने कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आला.

समितीच्या साहेबांना मी फोन लावला. पुढच्या बैठकीत पाहू, म्हणाले. ताईची कडी हातात घेऊन मी मागच्या गोदामात गेलो, दार ओढून घेतलं आणि उजव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. आमच्या गोदामात त्या कोपऱ्यात हवा लागत नाही.